दुवा घेतल्यावर

छपरावरचा बर्फ गाडीच्या काचेवर कोसळला तेव्हा मेलिसचा पाय ब्रेकवर जायला हवा होता. गेला तो हात, आणि तोही छातीवर. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. तो वेळेवर दाबायचा, एवढ्यासाठीच तर त्याला तिथं बसवलेलं असतं. ब्रेक दाबला तो अनारकुल-एजेनं. पंचावन्न वर्षांची ही बाई दोन नातवांना शाळेत सोडता यावं म्हणून या वयात गाडी शिकायला निघाली होती. ती किंचाळली, दोन्ही पाय एकदम दाबले, आणि गाडी आचका देऊन बंद पडली. घडलं म्हणाल तर काहीच नाही. मार्च लागला की बिश्केकमधली पत्र्याची छपरं हिवाळाभर साठवलेलं असंच धपकन टाकून मोकळी होतात. पण काच पांढरी झाली होती, गाडीत निळसर, आंधळा उजेड भरला होता आणि बाहेरचा रस्ता, माणसं, हॉर्न, सगळं कुणीतरी पुसून टाकल्यासारखं गप्प झालं होतं. त्या उजेडात मेलिस हात जाकिटात घालून बसला होता. अंगठा बरगडीपाशी काहीतरी चाचपत होता. एक बटण. ते बटण त्या जागी सहा वर्षांत नव्हतं.

"आगाय, अहो मास्तर, झोपला होतात काय?" अनारकुल-एजेनं छाती धरत विचारलं. "मी खपले असते तर माझ्या नातवांना शाळेत तुम्ही सोडणार होतात?"

"वायपर लावा, एजे."

"वायपर लावते. तुम्ही आधी तोंड पुसा. पांढरेफटक पडलात. शिकवणारे तुम्ही, आणि घाबरायचं पण तुम्हीच?"

वायपरनं बर्फ बाजूला ढकलला, रस्ता परत आला. वळायचा दिवा तेवढा चालूच होता, टिक टिक टिक करत. एजेला तो कधी बंद करायचा हे अजून कळत नसे आणि मेलिस तिला कधी सांगत नसे. तो आवाज चालू असला की त्याला बरं वाटायचं. कुणीतरी आहे, कुठंतरी आहे, असं काहीसं. आज तिनं आपणहून दांडी वर केली. टिकटिक थांबली. आणि त्या थांबण्यातच त्याचा श्वास अडकला, नेहमीसारखा. लोकांना वाटतं माणसाला आवाज छळतात. मेलिसला आवाजाची भीती नव्हती. त्याला ऐकू यायचं ते न वाजणं. लिफ्टचा दरवाजा उघडताना घंटा वाजायची राहिली, फोन कानाला लावला आणि पलीकडे कुणी क्षणभर बोललं नाही, दुकानातल्या पोरीनं पाव यंत्रापुढून सरकवला आणि यंत्र गप्प राहिलं, की त्याच्या मानेवर गार घाम यायचा.

दोन दिवसांपूर्वी जिबेकचा फोन आला होता. तिनं नाव सांगितल्यावर पुढे 'एरमेकची' असं जोडलं, जणू जिबेक नावाच्या पन्नास पोरी त्याला फोन करत होत्या. ती सोळा वर्षांची असताना त्यानं तिला शेवटची पाहिली होती. बापाच्या दफनाच्या दिवशी, तंबूच्या दाराशी, चहाची थाळी धरून. फोनवरचा आवाज बाईचा होता. म्हणाली, "मेलिस आके, मला एक कागद पाहिजे. हिमकड्यापासून बचावाचं दोन दिवसांचं शिक्षण घेतलं असा. त्याशिवाय यंदा पाहुण्यांना डोंगरात न्यायला मिळणार नाही म्हणतात." तू पाहुण्यांना वर नेतेस? असं त्यानं विचारलं, तर म्हणाली, "मग काय बाबांच्या स्की भिंतीला टांगून ठेवू? दोन हिवाळे झाले." बीपर, बर्फात गाडलेल्याला शोधायचं गळ्यातलं यंत्र, घालतेस ना, हा प्रश्न त्याच्या तोंडून कधी गेला ते त्यालाही कळलं नाही. मग ती हसली. "बाबांनी घातला होता की. काय झालं? आमच्याकडे वरच्या आळीत आता कुणीच घालत नाही. उगाच गळ्यात लोढणं. जानेवारीत दोघं गाडले गेले, एकाचा पाय वर राहिला म्हणून तो वाचला, दुसरा पंधरवडाभर दवाखान्यात होता. त्यांच्याकडेही नव्हता. जाऊ दे. तुम्ही फक्त कागदाचं बघा. आजीनंच सांगितलं, मेलिसला बोलाव म्हणून. तो आपला आहे म्हणाली." त्यावर मेलिस 'बघतो' म्हणाला होता, आणि बघतो म्हणजे नाही हे दोघांनाही कळलं होतं. आज अनारकुल-एजेला तिच्या दारात उतरवल्यावर तो शिकाऊ गाडीत तसाच बसून राहिला, छातीवरचा हात समोर धरून त्याच्याकडे पाहत राहिला. हाताला सगळं आठवत होतं. मग त्यानं फोन उचलला आणि शुक्रवारी येतो म्हणून सांगितलं.

तो आपला आहे. सरोवराच्या कडेनं आठ तास बस चालली होती आणि हे तीन शब्द त्याच्या शेजारी बसून आले. एरमेक आणि तो एकाच वर्षी जन्मलेले. सारीकाया गावातली कोळशाची खाण बंद पडली तेव्हा दोघांचेही बाप एकाच दिवशी घरी बसले होते. पुढे परदेशी लोक स्की घेऊन यायला लागले. बिनवाटेच्या डोंगरात चढायचं आणि कोवळ्या बर्फावरून घसरत उतरायचं, यासाठी माणसं इतक्या लांब येतात हे गावाला आधी खरंच वाटेना. या दोघांनी ते काम धरलं. एरमेकच्या घरी पाहुणे उतरायचे, त्याची आई शारिपा-आपा त्यांना जेवू घालायची, आणि बचावाचं सगळं शिक्षण मेलिसकडे. तो त्यात पक्का होता. गळ्यात बीपर, पाठीवर फावडं आणि घडीची लांब सळई, यातलं एक नसेल तर माणूस फाटकाबाहेर पाऊल टाकणार नाही. सगळ्यांचे बीपर सतत हाक देत राहतात. कुणी गाडला गेला की वरच्यांनी आपली यंत्रं शोधावर टाकायची, मग गाडलेल्याची हाक ऐकू येते, जवळ जावं तसा आवाज वाढत जातो. पहिल्या पंधरा मिनिटांत माणूस काढला तर बहुधा जिवंत निघतो, पुढे आशा भराभर उतरत जाते. म्हणून रोज सकाळी फाटकात तपासणी. मेलिस आपलं यंत्र शोधावर टाकून फाटकाबाहेर उभा राहणार आणि एकेकानं त्याच्यासमोरून जायचं. वाजलं, पुढे. वाजलं, पुढे. एरमेक त्याची टर उडवायचा. म्हणायचा, "सरहद्दीवरचा शिपाई परवडला, त्याला निदान सिगरेट देऊन फितवता येतं."

सहा वर्षांपूर्वीच्या त्या फेब्रुवारीतल्या सकाळी अल्माटीहून आलेले चार पाहुणे पुढे गेले. चौघांचं वाजलं. त्याआधी अंगणात शारिपा-आपानं दुवा दिली होती. दोन्ही तळवे वर करून, वाट उजळ असो, गेलात तसे या, आणि सगळ्यांनी ओमिन म्हणत तोंडावरून हात फिरवले होते. दुवा घेऊन निघालेल्या माणसानं मागे फिरायचं नसतं, उंबरा परत ओलांडायचा नसतो. हे सारीकायात कुणी कुणाला शिकवत नाही. तान्ह्या पोरालासुद्धा ते आपोआप ठाऊक असतं. सगळ्यात शेवटी एरमेक फाटकातून आला आणि मेलिसच्या हातातलं यंत्र गप्प राहिलं. एरमेकनं छाती चाचपली. "अरे, चुलीजवळच राहिला. वाळत लावला होता खुंटीवर." घर चाळीस पावलांवर. मेलिस म्हणाला, "जा, आण." एरमेक मागे न बघता हळूच म्हणाला, "आई दारात उभी आहे. आता परत गेलो तर दिवसभर तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. पुन्हा बसवेल, पुन्हा चहा, पुन्हा दुवा. तास मोडला." पाहुणे पुढे वळणावर थांबून यांच्याकडे बघत होते. ऊन चढत होतं. उतार तर काय, दोघांनी शंभरदा केलेला. मेलिसनं क्षणभर आकाशाकडे पाहिलं, आणि हसून म्हणाला, "चल. आज तू शेवटी ये, म्हणजे झालं." ते हसणं त्याला अजून आठवतं. गालांना जाणवलेला गारठासुद्धा.

एवढंच असतं तर तो कदाचित कधीतरी कुणाला सांगू शकला असता. माणूस चुकतो. पण मेलिसची चूक तिथं संपली नव्हती, तिथं सुरू झाली होती. उतार फुटला तेव्हा तो आणि चौघे खाली पोचलेले होते. वरून एक दबका हुंकार आला, खालचा साखरेसारखा सुटा बर्फ बसल्याचा, आणि एरमेक होता तिथं नुसती धूळ. धूळ बसल्यावर एरमेक नव्हता. मेलिस ओरडला, "बीपर शोधावर!" इतक्या वर्षांची सवय ओरडली. चौघे पांगले, त्यानं शिकवलं होतं तसेच, वीस-वीस पावलांच्या अंतरानं, यंत्रं हातात धरून, माना खाली घालून. तोही चालू लागला. यंत्राच्या पडद्यावर नुसती रेघ. त्याला माहीत होतं. काहीही वाजणार नाही हे त्या उतारावरच्या पाच जणांत त्याला एकट्याला माहीत होतं, आणि तो चालत राहिला. का? सहा वर्षं तो स्वतःला हे विचारत होता. पहिलं मिनिट त्याला खरंच वाटलं होतं, वाजेल. कसंतरी, काहीतरी होऊन वाजेल. दुसऱ्या मिनिटाला त्याला आपण काय केलंय ते कळलं, आणि ते तोंडातून काढणं म्हणजे ते खरं करणं होतं. तिसऱ्या मिनिटाला उशीर झालेला होता, चौथ्याला आणखी. पाहुण्यांतली सौले नावाची डॉक्टर मुलगी रडत त्याच्याकडे आली, म्हणाली, "आगाय, मला काहीच ऐकू येत नाही, माझं यंत्र बिघडलंय का?" आणि तो म्हणाला, "शोधत राहा." अकरा मिनिटं. एरमेकची स्कीची काठी बर्फातून हातभर वर आलेली सगळ्यांना दिसत होती. पण आधी हाक ऐका, मग सळई खुपसा, असं त्यांना ज्यानं शिकवलं होतं तोच समोर हाक ऐकत फिरत होता, तेव्हा तिकडे कोण जाणार? शेवटी तो ओरडला, "सळया काढा!" मग वेडंवाकडं कुठंकुठं खुपसत पन्नासाव्या मिनिटाला एरमेक सापडला. त्या काठीपासून तीन पावलांवर.

आणि संध्याकाळी मेलिस सगळ्यांच्या आधी एरमेकच्या घरात शिरला. बायका अंगणात आक्रोश करत होत्या. चुलीवरच्या उंच खुंटीवर, जिथं शारिपा-आपाचा हात पोचत नसे, हातमोज्यांच्या मागं बीपर लटकत होता. तो त्यानं काढून घेतला. चौकशीला आलेल्या माणसाच्या हातात दिला आणि म्हणाला, अंगावर होता, पण वाजला नाही. त्या माणसानं तसं लिहून घेतलं. यंत्र बंद पडलं. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर यंत्र मेलिसला परत मिळालं, आणि त्यानं गाव सोडलं. बिश्केकमधल्या खोलीत पलंगाखाली एका डब्यात ते आहे. दर हिवाळ्यात एकदा तो त्यात नवे सेल घालतो. ते लगेच वाजतं. खणखणीत.

शारिपा-आपानं त्याला दारातच जवळ घेतलं, कपाळाचा वास घेतला. ती आता खूप लहान झाली होती. तिचं डोकं त्याच्या छातीशी आलं, नेमकं त्या जागी. "वाळलास," ती म्हणाली. "शहरात काय खातोस, पेट्रोल?" टेबलावर कणकेचे तळलेले बोर्सोक, साय, जर्दाळूचा मुरंबा, सगळं मांडून ठेवलं होतं. तिनं त्याला एरमेकच्या जागेवर बसवलं आणि मुद्दामच बसवलं, हे त्याला कळलं. "तू येत नाहीस. मी म्हणते, येववत नसेल. दुसरा कुणी असता तर एकदा रडून गेला असता आणि विसरला असता." त्याला वाटलं आत्ता, याच क्षणी सांगावं. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? तुझा मुलगा परत फिरला नाही तो तुझ्या दुवेसाठी. तुझ्या घशाखाली घास उतरावा म्हणून. सत्याचं ओझं वाटून घ्यायचं तर त्यातलं अर्धं या म्हातारीच्या पाठीवर जाणार. इतकी वर्षं गप्प राहण्याचं हेच कारण त्यानं मनाशी धरलं होतं: मी तिला वाचवतोय. चांगलं, उबदार कारण होतं ते. जिबेक चहा ओतत म्हणाली, "आजी, त्यांना घास तरी गिळू दे," आणि त्यानं घास गिळला.

शनिवारी घरामागच्या कुरणात शिक्षण सुरू झालं. पाच जण होते. जिबेक आणि वरच्या आळीचे चार बाप्ये. त्यातला कादिर म्हणजे जानेवारीत ज्याचा पाय वर राहिला होता तो. आपल्या पायाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आगाय, माझा बीपर हा. सेलही लागत नाहीत." सगळे हसले. मेलिसनं एका जुन्या लोकरी नमद्याच्या पिशवीत यंत्र घालून ती बर्फात पुरली, वरून स्कीनं तुडवून सारखं केलं आणि एकेकाला शोधायला लावलं. कादिरला नऊ मिनिटं लागली; तो मधेच थांबून थंडीला शिव्या देत होता. जिबेकनं यंत्र हातात घेतलं आणि मेलिसला पुढचं बघवेना. चालण्याची तीच ढब. डावा खांदा किंचित पुढे, मान कलती. आवाज वाढत गेला तशी ती वाकत गेली, शेवटी यंत्र बर्फाला टेकवून इंचाइंचानं सरकवलं, सळई खुपसली, पहिल्याच वेळी पिशवीला लागली. साडेतीन मिनिटं. पोरीच्या रक्तातच ही विद्या होती. बाकीचे टाळ्या वाजवत होते. ती गुडघ्यांवर बसून राहिली. मग फक्त त्याला ऐकू येईल असं म्हणाली, "इतकं सोपं आहे?"

"आहे."

"मग त्या दिवशी पाच जण होतात ना तुम्ही?"

तिनं सळईची घडी घातली, नीट, एकेक जोड सोडवत. "तुमचा दोष नाही, आके. वाजलंच नाही तर तुम्ही काय करणार. मी म्हणते दोष असल्या खेळण्यावर जीव टांगण्याचा. बाबांनी उतार बघायचा सोडून यंत्रावर भरवसा टाकला. मी उतार बघते." ती उठली, गुडघ्यावरचा बर्फ झटकला. "कागदावर उद्या सही कराल ना?" आणि मेलिसच्या ध्यानात आलं की आपण एका मेलेल्या माणसाबद्दल नव्हे, एका जिवंत पोरीबद्दल खोटं बोलतोय. रोज सकाळी ती या खोट्याला गळ्यात घालून, म्हणजे गळ्यात काहीच न घालता, डोंगरात जाते. एक ना एक दिवस कुणीतरी तिच्यासाठी उतारावर माना खाली घालून फिरेल. दुपारभर तो बर्फात चर खणून थर दाखवत राहिला, हा जुना, हा वाऱ्याचा, हा तळाचा दगाबाज. आवाज शांत होता, शिकवणं नेटकं होतं, आणि आत एक माणूस ओरडत होता. त्या संध्याकाळीही तो बोलला नाही. कादिर येऊन बसला होता, गप्पा रंगल्या होत्या, आपा हसत होती. इतक्या वर्षांनी हसतेय, आज नको, असं त्यानं स्वतःला सांगितलं. कारणं त्याला कधीच कमी पडली नव्हती.

रविवारी सकाळी सगळ्यांनी खऱ्या उतारावर जायचं होतं. आकाश निरभ्र होतं, रात्री वारा वाहून गेलेला. अंगणात सहा जण उभे राहिले, शारिपा-आपा रबरी गालोश घालून पायरीवर आली, तळवे वर केले. वाट उजळ असो. गेलात तसे या. ओमिन. मेलिसनं तोंडावरून हात फिरवला तेव्हा तळहाताला घाम होता. तो फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला, यंत्र शोधावर टाकलं. कादिर आला, वाजलं. "ऐकलंत? कोंबडा आरवला," कादिर म्हणाला आणि पुढे गेला. दुसरा, तिसरा, चौथा. वाजलं, वाजलं, वाजलं. मग जिबेक आली, बापाच्या स्की खांद्यावर टाकून, आणि यंत्र गप्प राहिलं.

ती थांबलीही नाही. त्याच्यासमोरून सरळ निघून गेली.

"जिबेक. बीपर."

"घरात आहे. दाराजवळच्या बाकावर." ती मागे न बघता चालत होती. "काल दाखवलं ना शोधून? येतं मला. आज उतार बघायला येतेय."

"परत जा. घेऊन ये."

"दुवा झाली, आके." आता ती वळली, चालता चालताच, अर्धीमुर्धी, तिच्या तोंडावर बापाचं ते खट्याळ हसू होतं. "आजी दारात उभी आहे. दुवा घेऊन परत फिरू? तुम्ही फिराल?"

पुढचे चौघे वळणावर थांबून बघत होते. घर चाळीस पावलांवर. मेलिसला क्षणभर कळेना की आपण कोणत्या सकाळी उभे आहोत. हातातलं यंत्र तसंच मुकं होतं. जिबेक पाच पावलं पुढे गेली, दहा. आणि तो ओरडला. इतक्या मोठ्यानं की कुणाच्या तरी अंगणातलं कुत्रं भुंकायला लागलं.

"त्याचाही घरातच होता!"

ती थांबली.

"खुंटीवर होता! वाळत लावलेला. इथंच, याच फाटकात मला कळलं. माझ्या हातात वाजलं नाही. तो म्हणाला दुवा झालीय, आई दारात आहे. मी म्हटलं चल." त्याचा आवाज चिरकला, पण थांबला नाही, इतकी वर्षं धरून ठेवलेलं आता धरवत नव्हतं. "यंत्र बिघडलं नव्हतं. अंगावर नव्हतंच. आणि खाली मी त्यांना शोधायला लावलं. काही वाजणार नाही हे माहीत असून. अकरा मिनिटं मी त्यांना शोधायला लावलं, जिबेक. त्याची काठी वर दिसत होती. मी बोललो असतो तर पहिल्या पाच मिनिटांत... मी बोललो नाही. संध्याकाळी खुंटीवरून काढून घेतला आणि खोटं सांगितलं. तू गळ्यात काही घालत नाहीस ते माझ्या खोट्यामुळे."

कुत्रं भुंकून भुंकून गप्प झालं. कादिर टोपी काढून हातात घेऊन उभा होता, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नसावं. जिबेकनं खांद्यावरच्या स्की बर्फात रोवल्या. ती मेलिसकडे बघत होती, तोंडावर काहीच नव्हतं. राग नव्हता, रडू नव्हतं, नुसतं बघणं. त्याला वाटलं तिनं मारावं. मग त्याच्या पाठीमागे घराचं दार वाजलं. आपानं ऐकलं होतं. दार लावून घेतलं. ज्या एका माणसाला वाचवतोय म्हणून आपण गप्प होतो त्याच माणसावर आपण अंगणभर ओरडून ते सगळं टाकलं. त्याची मान वळेना.

दार पुन्हा वाजलं. गालोशांचा फतक फतक आवाज बर्फावरून येऊ लागला; म्हातारीचं सावकाश चालणं, एकदा मधे थांबणं, पुन्हा चालणं. चाळीस पावलं यायला तिला किती वेळ लागला कोण जाणे. ती त्याच्या बाजूनं पुढे गेली, त्याच्याकडे न बघता. तिच्या हातात पट्ट्यासकट बीपर होता, बाकावरचा. जिबेकपाशी जाऊन तिनं टाचा उंचावल्या, तरी हात पोचेना. तशी पोरगी वाकली, आणि आपानं पट्टा तिच्या गळ्यात घातला, खालची फीत कमरेला आवळली, जाकिटाची चेन वर ओढली, शाळेत पाठवताना ओढावी तशी. हे सगळं झाल्यावर ती मेलिसकडे वळली.

"मी दारातच उभी होते, मेलिस," ती म्हणाली. "तुम्ही दिसेनासे होईपर्यंत उभी असते मी. दुवा तुम्ही घेतली होती. मी कुठं जायला निघाले होते? मला फिरायला कुणाची मनाई होती?" तिनं श्वास घेतला. "एक हाक मारायची. आपा, तेवढं आणून दे, म्हणायचं. मी आणून दिलं असतं."

मेलिस बघत राहिला. परत फिरणं आणि पुढे जाणं, या दोन्हींमध्येच तो इतकी वर्षं येरझारा घालत होता. हजारदा त्यानं मनोमन एरमेकला परत पाठवलं होतं, हजारदा स्वतः घराकडे धावला होता. दारात एक बाई उभी आहे आणि तिला हाक मारता येते, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. म्हातारी त्याच्यासमोरून परत घराकडे निघाली. त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला नाही, झिडकारलाही नाही, नुसती बाजूनं गेली. गालोशांचा आवाज दूर जात राहिला.

जिबेक फाटकापाशी आली. तिनं आपलं यंत्र जाकिटातून काढलं, शोधावर टाकलं आणि ते हातात धरून तो उभा असायचा त्या जागेवर उभी राहिली. तिचे डोळे लाल झाले होते, आवाज मात्र कोरडा होता.

"आत जा आणि इथून या," ती म्हणाली. "तपासणाऱ्याला कोण तपासतं?"

तो आज्ञाधारकपणे फाटकाच्या आत गेला, वळला, यंत्र हाकेवर टाकलं आणि तिच्यासमोरून चालत गेला. कानांत रक्त इतकं धडधडत होतं की त्याला काहीच ऐकू आलं नाही. तो थांबला.

"वाजलं का?" त्यानं विचारलं.

"वाजलं," जिबेक म्हणाली. "पुढे व्हा."